नजर ‘सिक्स बाय सिक्स’, तरी ताट दिसेना : जळगावातल्या एका डोळे-तपासणीबद्दल

डोळ्यांच्या दवाखान्याबद्दल लोक लिहितात तेव्हा मशिनं किती, एसी आहे का, मोतीबिंदूचं पॅकेज कितीचं, असलं लिहितात. मी ज्या दवाखान्याबद्दल लिहिते आहे, तिथे माझ्या वडिलांचा आजार सापडला तो दोन पेनांची रंगीत टोपणं, एक टॉर्च, एक पट्ट्यापट्ट्यांचं कापड आणि डॉक्टरांचे दोन हात एवढ्यावर. मशिनं तिथेही आहेत. त्या दिवशी त्यांची गरज पडली नाही.

जळगावात रिंग रोडच्या भागात, पहिल्या मजल्यावर हा दवाखाना आहे. डॉक्टर बाई आहेत. तिरळेपणा आणि डोळ्यांच्या हालचालींचे आजार हा त्यांचा खास अभ्यासाचा विषय. जाहिरात नको, नाव लिहू नका, असं त्यांनी स्वतःच सांगितलं, म्हणून इथे नाव नाही. तपासणी मात्र सगळी लिहिते. आपल्याकडे कितीतरी घरांतली म्हातारी माणसं ‘नजर चांगली आहे, वय झालं’ एवढं ऐकून परत येतात. चांगली तपासणी कशी असते हेच कधी पाहिलेलं नसेल, तर माणसानं डॉक्टरकडे मागायचं तरी काय?

आम्ही अमळनेरचे. नानांचं सगळं आयुष्य शिवणकामात गेलं. सखाराम महाराजांच्या यात्रेच्या आधीचे दिवस म्हणजे पहाटेपर्यंत मशीन चालू, मान खाली, नजर सुईवर. त्या माणसाला गेल्या काही वर्षांत ताटातलं दिसेना. समोर बसलेला माणूस दिसतो, भिंतीवरचं कॅलेंडर दिसतं, टीव्हीखालची बारीक पट्टी वाचतात, आणि ताटात वाढलेलं भरीत सापडत नाही. हात चाचपडतो, भाकरीचा तुकडा वाटीऐवजी ताटाबाहेर जातो, सदऱ्यावर सांडतं. विचारलं की म्हणायचे, “माले खालनं दिखत नई.” जिना उतरताना पायरी चुकायची. खुर्चीत बसताना धप्पकन बसायचे. दोनदा तर उभ्या उभ्या मागे पडले, कशाला अडखळले नाहीत, कुणाचा धक्का नाही.

आधी चष्मा बदलला. मग मोतीबिंदू आहे म्हणाले, तर दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. ऑपरेशनं उत्तम झाली, त्याबद्दल तक्रार नाही. तक्ता वाचायला लावला की नाना शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचायचे. तिथल्या डॉक्टरांनी केसपेपरवर सिक्स बाय सिक्स लिहिलं आणि म्हणाले, डोळे छान आहेत, आता काही करायचं उरलं नाही. पुढे एका चष्म्याच्या दुकानातून खाली वाचायची काच असलेला दोन काचांचा चष्मा आला. तो लावल्यावर नानांचे हाल वाढले. का वाढले ते मला जळगावला गेल्यावर समजलं, आणि ते पुढे सांगते, कारण ही एक गोष्ट तरी प्रत्येकाला माहीत असावी असं मला फार वाटतं.

अमळनेरहून जळगाव म्हणजे सुरत-भुसावळ लाइनवर धरणगावच्या पलीकडे, लांब नाही. तरी गाडीतून फलाटावर पाय टाकताना नानांना दोघांनी धरावं लागलं. दवाखान्यात पोचलो तर समोर जिना. लिफ्ट नाही. पायऱ्या एकाच करड्या रंगाच्या, कडेला पिवळी पट्टीसुद्धा नाही. ज्या दवाखान्यात एकाचे दोन दिसणारे आणि पायाखालचं न दिसणारे पेशंट येतात, तिथे हे असायला नको. मी हे डॉक्टरांना तोंडावर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, जागा भाड्याची आहे म्हणाल्या. पट्टी चिकटवायला घरमालकाची परवानगी लागते असं मला वाटत नाही. दुसऱ्यांदा गेलो तेव्हाही पायऱ्या तशाच होत्या. कंपाउंडर दादा मात्र खाली उतरून येतात, पेशंटच्या पुढे उलटे चालत एकेक पायरी सांगत वर नेतात. त्यांचं कौतुक वेगळं, पट्टी हवी ती हवीच.

थांबावं खूप लागतं. वेळ अकराची दिली होती, नंबर लागला तेव्हा दुपारचं जेवण टळून गेलं होतं. कारण आत गेल्यावर कळतं, एकेका पेशंटला त्या पाऊण तास देतात. बाहेर बाकावर सावद्याकडचे एक भाऊ बसले होते. केळीची गाडी दिल्लीपर्यंत नेणारे. डाव्या डोळ्यावर रुमाल बांधलेला. साखरेचा आजार जुना. एके दिवशी सकाळी उठले तर लांबचं सगळं दोन-दोन. जवळचं त्या मानानं बरं, पण रस्त्यावर समोरून एक ट्रक येतोय तर दोन दिसतात, आणि डावीकडे बघितलं की दोघांमधलं अंतर वाढतं. त्यांना डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला होता तो असा : एक डोळा झाकला की दोनाचं एक होतं का? होत असेल तर दोष दोन डोळ्यांच्या जुळणीत आहे. एक डोळा झाकूनही दोनच दिसत असतील तर दोष त्या डोळ्याच्या आत, म्हणजे मोतीबिंदू, काचेचा नंबर, असलं काहीतरी. इतका साधा प्रश्न, आणि अर्धी वाट तिथेच ठरते.

त्या भाऊंची डोळा बाहेर वळवणारी नस दुखावली होती. प्रत्येक डोळ्याला हलवणारे सहा स्नायू असतात आणि त्यांना हुकूम पोचवणाऱ्या मेंदूतून निघालेल्या तीन नसा. कानाकडच्या बाजूला डोळा नेणारा स्नायू सहाव्या नसेचा, वरचा तिरका स्नायू चौथ्या नसेचा, आणि उरलेले चारही तिसऱ्या नसेचे. पापणी उचलण्याचं आणि बाहुली लहान करण्याचं कामही त्याच तिसऱ्या नसेकडे. साखर आणि रक्तदाब असलेल्या माणसांत यांतल्या एखाद्या नसेचा बारीक रक्तपुरवठा बंद पडतो. बहुतेकांचं तीनेक महिन्यांत आपोआप भरून येतं, पण तोवर साखर सांभाळायची, गाडी चालवायची नाही आणि दर वेळी प्रिझमच्या काचा धरून तिरळेपणा किती कमी झाला ते मोजून घ्यायचं. भरून आलं नाही, किंवा दुसरी नसही सामील झाली, तर मेंदूचा फोटो काढायचा. भाऊंना सगळ्यात जास्त दुःख गाडी घरी उभी असल्याचं होतं. आधीच्या मोजमापापेक्षा फरक पडलाय एवढं त्यांना त्या दिवशी सांगण्यात आलं, आणि बाहेर येऊन त्यांनी ते ओळख ना पाळख अशा आम्हाला सांगितलं.

बाकाच्या वर भिंतीवर एक कागद चिकटवलेला आहे, मराठीत, मोठ्या अक्षरात. एकाएकी पापणी खाली पडली, डोळा बाहेरच्या बाजूला सरकला, बाहुली मोठी झाली आणि डोकं जोरात दुखतंय, तर इथे नंबर लावून थांबू नका, त्याच घटकेला मोठ्या दवाखान्यात जा. तिसऱ्या नसेवर मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगा दाबत असू शकतो, आणि तो फुटला तर जीव जातो. साखरेमुळे झालेल्या दुखण्यात बाहुली बहुधा शाबूत राहते, म्हणून बाहुली बघणं इतकं महत्त्वाचं. हा कागद प्रत्येक गावच्या दवाखान्यात लावावा असा आहे.

आता नानांची तपासणी. ती सुरू झाली नाना दारातून आत येत असताना. डॉक्टर खुर्चीवरून उठून बाजूला उभ्या राहून बघत होत्या. नाना कसे चालतात, मान ताठ ठेवतात का, वळताना पाऊल कसं टाकतात, खुर्चीत कसे बसतात. नाना धप्पकन बसले. त्यांनी लगेच काही लिहून घेतलं. मग बराच वेळ नुसत्या गप्पा. कपडे कोणते शिवायचात, गिऱ्हाईक कुठलं, आणि हे सगळं चालू असताना चेहऱ्याकडे नजर. नाना एकटक बघतात, पापणी फार कमी वेळा मिटते, हे मी रोज बघत होते. त्यालाही अर्थ असतो हे तिथे कळलं.

पापण्या बघितल्या. टॉर्चनं बाहुल्या बघितल्या. एक डोळा झाकून दुसरा जागेवरून हलतो का, मग आळीपाळीनं झाकून, असा तिरळेपणा बघितला. समोरच्या एका ठिपक्याकडे स्थिर बघायला सांगितलं, तेव्हा नानांचे डोळे बाजूला बारीकसा झटका घेऊन परत जागेवर येत होते. नुसतं बघून पटकन लक्षात येणार नाही इतका बारीक. मला जवळ बोलावून दाखवला तेव्हा दिसला.

इथून पुढचं मी शक्य तितकं नीट लिहिते, कारण हाच या तपासणीचा गाभा आहे. मी शाळेत विज्ञान शिकवते, डोळा म्हणजे भिंग आणि पडदा हे दरवर्षी फळ्यावर काढते. डोळा हलतो कसा हे पुस्तकात एका ओळीतही नाही.

डोळे वेगवेगळ्या वाटांनी हलतात आणि मेंदूतल्या त्या वाटा वेगवेगळ्या आहेत. एक म्हणजे उडी. या वस्तूवरून त्या वस्तूवर नजर जाते ती सरकत जात नाही, एका झपाट्यात जाते. मोठ्या उडीचा वेग सेकंदाला 500 अंशांच्या वरही जातो. दुसरी म्हणजे पाठलाग. हलणाऱ्या वस्तूबरोबर नजर सावकाश सरकते. तिसरी म्हणजे तोल. डोकं हललं तरी चित्र हलू नये म्हणून कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाच्या सांगण्यावरून डोळे आपोआप उलट्या दिशेला जातात. ही तिसरी वाट आपल्या इच्छेवर चालत नाही. चांगला डॉक्टर या तिन्ही वेगवेगळ्या तपासतो. बोट फिरवून ‘बघा, बघा, झालं’ म्हणणारा फक्त पाठलाग बघतो, आणि नानांच्या डोळ्यांसमोर आधी फिरलेली बोटं सगळी तशीच होती.

डॉक्टरांनी एका हातात लाल टोपणाचं पेन धरलं, दुसऱ्या हातात निळ्या. आधी आडवं. “लाल देखा नाना. आते निळं. आते लाल.” नानांचे डोळे पटपट गेले. मग पेनं उभी धरली, लाल वर, निळं खाली. “वर देखा. आते खाले.” आणि तिथे मी माझ्या वडिलांचे डोळे पहिल्यांदा नीट पाहिले. खाली जायला सांगितलं की डोळे निघायचेच उशिरा, आणि निघाले की रांगत जायचे, मध्येच पापणीची उघडझाप करून मग थोडं पुढे. तेही अर्ध्यातच थांबायचे. वर जातानाही तसंच. डॉक्टर म्हणाल्या, वर बघणं म्हातारपणी सगळ्यांचंच थोडं कमी होतं, त्यावर मी फार विसंबत नाही. खाली बघणं वयानं असं जात नाही.

त्या नानांशी अहिराणीत बोलल्या याचं मला फक्त बरं वाटलं असं नाही, ते तपासणीसाठीच गरजेचं होतं. हुकूम दिल्यावर डोळा उडी मारतो की नाही हे बघायचं असेल, तर हुकूम त्या घटकेला कळला पाहिजे. दुसऱ्या एका ठिकाणी ‘लुक अप, लुक डाऊन’ म्हणत झालेल्या तपासणीत नाना गोंधळून नुसते समोर बघत बसले होते, आणि कागदावर ‘पेशंट सहकार्य करत नाही’ असं लिहिलं गेलं होतं.

मग काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं लांब कापड निघालं. ते डोळ्यांसमोरून सरकवलं की नजर एका पट्टीबरोबर सावकाश जाते आणि पुढची पट्टी पकडायला झटक्यात परत येते, परत जाते, परत येते. मुद्दाम थांबवता येत नाही. कापड नसलं तर शिंप्याचा टेपही चालतो असं डॉक्टर म्हणाल्या आणि खणातून टेप काढून दाखवला. नानांनी लगेच हात पुढे केला, “हाऊ तं मना धंदाना टेप शे.” डॉक्टरांनी तो त्यांच्या हातात दिला आणि थोडा वेळ ठेवूही दिला. मग कापड आडवं सरकवलं तेव्हा डोळ्यांची ये-जा व्यवस्थित. उभं सरकवलं तर डोळे पट्टीबरोबर थोडे वाहत गेले आणि तिथेच अडकले. परतीचा झटका आलाच नाही.

शेवटी त्या समोर उभ्या राहिल्या, नानांचं डोकं दोन्ही हातांत धरलं, माझ्या नाकाकडे बघत राहा म्हणाल्या, आणि हनुवटी हळूच वर उचलली. डोकं वर गेलं आणि नजर त्यांच्या नाकावरच राहिली, म्हणजे डोळे खोबणीत खाली गेले. पूर्ण खाली गेले. जे डोळे पेनाच्या टोपणासाठी अर्ध्यात थांबत होते, ते आपोआप तळाशी गेले. मी आ वासून बघत राहिले. मान ताठ असल्यानं त्यांना हे फार सावकाश करावं लागलं, पण त्यांनी ते मला दोन्ही बाजूंनी उभं करून, नीट दिसेपर्यंत दाखवलं.

अर्थ त्यांनी असा सांगितला. शेतातली मोटार चांगली आहे, केबल शाबूत आहे, पण स्टार्टरवरून सुरू करायला गेलं तर चालू होत नाही. स्नायू आणि नसा बिघडल्या असत्या तर डोकं उचलल्यावरही डोळे खाली गेले नसते. म्हणजे बिघाड नसांच्या वर आहे, मेंदूत जिथून उभ्या उडीचा हुकूम निघतो तिथे. उभ्या उड्यांचं केंद्र मध्यमेंदूत आहे, आडव्या उड्यांचं त्याच्या खालच्या भागात. म्हणून नानांचं आडवं बरं आणि उभं बंद.

तरी त्या तिथेच थांबल्या नाहीत. मिनिटभर वर बघायला लावून पापण्या दमून खाली येतात का ते बघितलं, कारण स्नायू दमण्याचा एक आजार कुठल्याही डोळ्याच्या दुखण्याचं सोंग घेतो. नाकाजवळ बोट आणून दोन्ही डोळे आत वळतात का ते बघितलं. कमी वळत होते, म्हणून जवळचं कधी कधी दोन दिसायचं. नानांना उभं करून, कंपाउंडर दादांना मागे हात पसरून थांबवून, खांदे हलकेच मागे ओढले. नाना पाऊल मागे न टाकताच सरळ दादांच्या हातांवर आले.

आजाराचं नाव त्यांनी लगेच सांगितलं नाही. मला हे फार आवडलं. त्या म्हणाल्या, डोळे मला जागा सांगतात, कारण सांगत नाहीत. उभी नजर जाण्यामागे मध्यमेंदूतला झटका असू शकतो, तिथली गाठ असू शकते, मेंदूत पाणी साठलेलं असू शकतं. यांतल्या काहींवर उपाय आहेत, म्हणून एमआरआय झालाच पाहिजे आणि न्यूरोलॉजिस्टनी बघितलंच पाहिजे. चिठ्ठी लिहून दिली. त्यात तपासणीची प्रत्येक पायरी होती. माझ्या फोनवर त्यांनी नानांना विचारून डोळ्यांचा छोटा व्हिडिओही करून दिला, वर-खाली आणि डोकं हलवताना. पुढच्या डॉक्टरांनी चिठ्ठी वाचायच्या आधी तो व्हिडिओच बघितला.

एमआरआयमध्ये मध्यमेंदू आक्रसलेला दिसला. बाजूनं काढलेल्या फोटोत तो भाग हमिंगबर्ड पक्ष्यासारखा दिसतो, डॉक्टर लोक त्याला त्याच नावानं ओळखतात. आजाराचं नाव प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी. 1964 साली स्टील, रिचर्डसन आणि ओल्शेव्स्की या तिघांनी तो वेगळा आजार म्हणून मांडला, तोवर अशी माणसं पार्किन्सनच्या नाहीतर म्हातारपणाच्या खात्यात जात होती. आजही जातात. लाखात पाच-सहा जणांना होतो. आजार बरा करणारं औषध नाही. पार्किन्सनच्या गोळ्यांचा उपयोग थोडा, आणि तोही सगळ्यांना नाही. न्यूरोलॉजिस्टनी हे स्पष्ट सांगितलं तेव्हा माझ्या पायातलं बळ गेलं. पण काय चाललंय हेच माहीत नसणं त्याहून वाईट होतं. आता नाना सांडतात तेव्हा घरात कुणी ‘लक्ष देत नाहीत’ म्हणत नाही. आत्या सगळ्यात जास्त म्हणायची. तिला मी तो व्हिडिओ दाखवला.

आता चष्म्याचं. ज्याचे डोळे खाली वळत नाहीत, त्याला दोन काचांचा चष्मा देणं म्हणजे वाचायची काच नेमकी जिथे नजर पोचतच नाही तिथे ठेवणं. वर आणखी चालताना त्याच खालच्या काचेतून पायरी धूसर दिसते. डॉक्टरांनी तो चष्मा बंद करायला लावला. लांबचा वेगळा, वाचायचा वेगळा, प्रत्येकी एकाच नंबरची काच. वाचायचा चष्मा फक्त बसल्यावर लावायचा. पुस्तक डोळ्यांच्या पातळीवर येईल असा स्टँड. ताट जमिनीवर नाही, टेबलावरही नाही, टेबलावर लाकडी चौरंग आणि त्यावर ताट. दोन्ही काचांत तळाकडे जाड असणारे प्रिझम बसवले की खालचं चित्र थोडं वर सरकून दिसतं, तेही करून बघितलं. वाचताना त्याचा फायदा झाला, चालताना नाना गांगरले, म्हणून ते फक्त वाचायच्या चष्म्यात ठेवले. चौरंगानं मात्र आमचं घर बदललं. नाना आता भाकरी स्वतः मोडतात, वाटी स्वतः शोधतात.

घरातल्या पायऱ्यांच्या कडेला पिवळी पट्टी, वाटेतली पायपुसणी काढून टाकणं, खुर्चीला हात असणं, एकट्यानं अंघोळीला न जाणं, घास गिळताना ठसका लागतो का याकडे लक्ष. हे सगळं एका कागदावर मराठीत लिहून मिळालं, आणि मराठीत हवं हे मला मागावं लागलं. मुख्य रिपोर्ट इंग्रजीत आणि हातानं लिहिलेला असतो, औषधाच्या दुकानातल्या मुलालाही लागला नाही. पाऊण तास इतक्या मायेनं समजावणाऱ्या डॉक्टरांनी तोही छापील द्यावा.

फी नेहमीच्या डोळे-तपासणीपेक्षा जास्त आहे, पहिल्या वेळी 800 रुपये घेतले. त्यात चष्म्याचा नंबर आणि पुन्हा दाखवणं धरलेलं होतं. दवाखान्याला जोडून चष्म्याचं दुकान नाही. नंबर लिहून देतात, काचा कुठूनही करा म्हणतात. कुठलीही जास्तीची तपासणी गळ्यात मारली नाही. डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढायचा का, असं मीच विचारलं, तर मागच्या ऑपरेशनवेळचा बघून, नको म्हणाल्या.

नुसता चष्म्याचा नंबर काढायचा असेल तर इतकं थांबायची गरज नाही, आपल्या गावातलं दुकान पुरे. पण एकाएकी एकाचे दोन दिसायला लागले, मूल मान वाकडी करून बघायला लागलं, एक डोळा आतल्या किंवा बाहेरच्या बाजूला सरकला, किंवा घरातलं म्हातारं माणूस तक्ता वाचतंय पण जिना, ताट, चप्पल सापडत नाही आणि वर पडतंही आहे, तर अशा तपासणीला जावंच. जळगावला जमत नसेल तर निदान आपल्या डॉक्टरांना सांगा, वर-खाली उड्या मारायला लावून बघा, आणि मग डोकं हलवून बघा. त्याला पैसे लागत नाहीत.

नंबर फोनवरच लागतो, सकाळी नऊ ते दहा. रविवारी बंद. जाताना वापरात असलेले आणि नसलेले सगळे चष्मे न्या, साखरेचे आणि थायरॉइडचे रिपोर्ट न्या, चालू गोळ्यांची पाकिटं न्या. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे दोन-चार फोटोही न्या, पापणी आणि मानेची ठेवण आधी कशी होती ते त्या फोटोत बघतात. सोबत एक धडधाकट माणूस हवाच, जिना चढायला आणि त्याहून उतरायला. डबा बरोबर ठेवा, साखरेच्या पेशंटला तेवढा वेळ उपाशी बसवू नका.